फक्कीचं रिंगण

कालिंदा वाघमोडे फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणाल्या नाहीत. “सर, कुठं हाय तुमी?” हीच त्यांची सुरुवात. जेवतोय म्हणून सांगितलं तर विचारायच्या, “किती राहिलंय?” म्हणजे ताटात भाकरी किती उरली आहे आणि ती संपवून मी जीपमध्ये बसायला किती वेळ लावणार, याचा अंदाज त्या पलीकडून घेत असत. दुपारी डोळा लागला होता असं सांगायची मी कधी हिंमतच केली नाही.

मी सरकारी जनावरांचा डॉक्टर. बारामती तालुक्यात माझी नेमणूक झाली ती गायीम्हशी आणि शेळ्यामेंढ्यांसाठी. पण वनखात्याचा स्वतःचा डॉक्टर जवळपास नव्हता, त्यामुळे रानातलं एखादं जनावर जायबंदी झालं की मलाच बोलावत. बोलावणाऱ्या या बाई. त्या वनरक्षक होत्या. गावाकडे वनरक्षकाला गार्ड म्हणतात, म्हणून लोकांच्या तोंडी त्या ‘गार्डबाई’. कऱ्हाटीच्या पलीकडचा मोठा माळ आणि त्याच्या आजूबाजूची गावं, एवढं सगळं त्यांच्या एकटीच्या अंगावर होतं. पिंपळीसारख्या उसाच्या गावात बिबट्याची आवई उठली आणि तिथला गार्ड रजेवर असला, की तिकडेही यांनाच धाडत.

बाईंची उंची बेताची. खाकी शर्ट कायम धुळीनं पांढुरका. पायातले बूट पुरुषांच्या मापाचे आलेले, ते बदलून मागण्यात दोन वर्षं घालवल्यावर त्यांनी पुढच्या बाजूला कापूस कोंबून तेच घातले. त्या बुटांनी त्या अशा काही चालायच्या की मी मागं राहून धापा टाकत असे. बसायचं त्यांना माहीतच नव्हतं. माझ्या दवाखान्यात आल्या तरी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या, चहा उभ्यानं, डबासुद्धा गाडीच्या सीटवर ठेवून उभ्यानंच. एकदा मी वैतागून म्हणालो, “अहो, बसा की जरा. माळ कुठं पळून जात नाही.” तर म्हणाल्या, “माळ न्हाय पळत सर, माळावरचं पळतंय.”

आडनावावरून त्यांना चिडवायचा मोह सगळ्यांना व्हायचा, मलाही झाला. आडनाव वाघमोडे आणि नोकरी वाघाचा केसही मोडू न देण्याची! लग्नानंतर तरी बदलायचं होतं, असं मी म्हणालो. भरतीचे सगळे कागद माहेरच्या नावावर, म्हणून ते तसंच राहिलेलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. “आमच्यातल्या कुणी खरंच वाघ मोडला असता, तर आमी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं कशाला राखली असती?”

त्यांची मोटारसायकल म्हणजे फिरती अडगळ होती. एका बाजूच्या पिशवीत नायलॉनची दोरी, गोणपाट, पाण्याची बाटली आणि फक्कीची पुडकी. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी. खोदकामाच्या आधी जमिनीवर आखणी करतात ती. दुसऱ्या बाजूच्या पिशवीत घडी घातलेलं एक जुनं लुगडं. आईचं. ते कशाला, हे मला पहिल्याच भेटीत कळलं.

उन्हाळा होता. एका शेततळ्यात चिंकारा पडलं होतं. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो; पाणी प्यायला उतरलेल्या हरणाचे खूर त्यावरून घसरतात आणि मग त्याला वर येता येत नाही. मी पोचलो तेव्हा काठावर पन्नासएक माणसं, निम्मे आरडाओरडा करणारे आणि निम्मे मोबाईलवर ते टिपणारे. बाई आल्या, त्यांनी बूट काढले, दोरी कमरेला बांधली आणि दुसरं टोक काठावरच्या दोन दांडग्या गड्यांच्या हातात दिलं.

“पोहता येतं का तुम्हाला?” मी विचारलं.

“न्हाय.”

“मग?”

“धरणाऱ्यांना धरता येतंय की.”

गर्दीला त्यांनी एकाच वाक्यात गप्प केलं. “जो बोलंल त्याला पुढच्या खेपंला आत सोडणार.” मग त्या कागदावरून घसरत पाण्यात गेल्या, आणि गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून त्यांनी ते लुगडं हरणाच्या डोक्यावर टाकलं. इतका वेळ जिवाच्या आकांतानं पाय मारणारं ते जनावर एकदम शांत झालं. दोघांना दोरीनं वर ओढून घेतल्यावर मी इंजेक्शन भरत असताना त्या म्हणाल्या, “डोळ्यावर अंधार आला की त्याला वाटतं आपुन लपलोय.” पुढचा अर्धा तास बाई त्या हरणाच्या डोळ्यांवर तळवा ठेवून उकिडव्या बसून होत्या. घाबरून हरणाचं काळीज बंद पडतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांना ते कुणी सांगितलं कोण जाणे.

दिवसभरात त्यांना दहा तरी फोन यायचे आणि त्यातले आठ ‘वाघ आलाय’ असे. आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात आणि कुत्र्यालाही बऱ्याचदा. बाईंचा प्रश्न एकच. “नख उठलंय का?” मांजराच्या जातीचं जनावर चालताना नखं आत ओढून घेतं, त्यामुळे बिबट्याच्या ठशात नख दिसत नाही. कुत्रं, लांडगा, तरस यांचं दिसतं. पिंपळीच्या एका बागायतदार तात्यांनी मात्र हट्टच धरला. ठसा पुसू नये म्हणून त्यांनी त्यावर घमेलं पालथं घालून ठेवलं, घमेल्यावर दगड ठेवला आणि त्याला राखण म्हणून स्वतः खुर्ची टाकून बसले. बाईंनी घमेलं उचललं, वाकून पाहिलं आणि तात्यांच्या पायाशी शेपूट हलवत असलेल्या कुत्र्याकडे बोट दाखवलं. “तात्या, ह्या वाघाला रोज भाकरी तुमीच घालताय.” तात्या पुढं कित्येक महिने त्यांच्याशी बोलत नव्हते.

हे सगळं हसत हसत चालायचं, पण एका शब्दावर बाईंचं डोकं फिरायचं. तो शब्द ‘पडीक’. कागदोपत्री त्यांचा सगळा माळ पडीक होता. पडीक, म्हणजे तिथं काहीच नाही, म्हणजे तिथं काहीही करायला मोकळीक. “पडीक म्हंजे कुणी पाडून ठिवलाय का?” असं त्या विचारायच्या. मला त्यांनी एकदा मुद्दाम सकाळी नेऊन तो माळ दाखवला. मला आधी नुसतं गवत दिसलं. मग त्यांनी पवन्या वेगळं दाखवलं, कुसळी वेगळं, मारवेल वेगळं. दगडाच्या रंगाचा पक्षी दगडावर बसलेला दाखवला, खोकडाचं बीळ दाखवलं. म्हणाल्या, “उसाच्या फडात एकच पीक असतंय. हितं मोजा बरं किती हायती.” मी मोजण्याच्या फंदात पडलो नाही, पण त्या दिवसापासून त्या माळावर जीप घालताना मला चोरट्यासारखं वाटू लागलं.

आणि त्या माळावर लांडगे होते. एकच कुटुंब उरलं होतं. पूर्वी आसपासच्या प्रत्येक माळावर एकेक टोळी असायची असं बाई सांगत. आता बागायत वाढली, माळ कमी झाले, आणि शेवटची टोळी ती हीच. या कुटुंबात बाईंचा जीव अडकला होता. ते टिकावं, एवढं एकच त्यांना हवं होतं आणि त्याबद्दल त्या कुणाशीही भांडायला तयार असत. सगळ्यात जास्त भांडण घरातच होतं. त्यांचे वडील बिराआण्णा मेंढपाळ. त्यांचा कळप त्याच माळावर चरायचा आणि लांडगे अधूनमधून त्यातलं कोकरू उचलायचे. “सरकार माझ्या पोरीला पगार देतंय, आन् ती माझी मेंढरं खाणाऱ्याची राखण करती,” असं आण्णा चारचौघांत म्हणत. कोकरू गेलं की ते लेकीला फोन करून ‘गार्डमॅडम’ म्हणून बोलावत आणि रीतसर पंचनामा करायला लावत. मी एकदा पंच म्हणून हजर होतो. बाईंनी कागद पुढं घेतला.

“नाव?”

“तुला ठावं न्हाय व्हय?”

“नाव सांगा.”

“बिरा म्हाकू वाघमोडे.”

“धंदा?”

“ज्याच्यावर तुला शिकीवलं त्योच.”

“नुकसान कुणी केलं?”

“तुझ्या लाडक्यांनी.”

बाईंनी मान वर न करता ‘लांडगा’ असं लिहिलं आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं सरकवली. मी हसू दाबत सही केली. पण आण्णांचे डोळे कोकराच्या रक्ताकडे लागले होते, आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

गेल्याच्या गेल्या वर्षी त्या माळावर झाडं लावायची असं वरून ठरलं. पावसाचं पाणी मुरावं म्हणून आधी मशीननं चर खोदायचे आणि चरांच्या कडेनं रोपं. बाईंनी अर्ज केले. गवताची जमीन आहे, झाडं जगणार नाहीत, आणि मधोमध लांडग्यांची दर आहे, असं लिहिलं. दर म्हणजे त्यांचं पिल्लांचं बीळ. त्या हिवाळ्यात मादीला पाच पिल्लं झाली होती आणि बाईंनी ती लांबून दुर्बिणीतून पाहिली होती. शेवटी साहेबांनी सांगितलं, काम तर थांबणार नाही, पण बिळाचा तेवढा भाग सोडून देऊ, तुम्ही तिथं खूण करून ठेवा. बाई खूश झाल्या. मादी शिकारीला बाहेर पडलेली पाहून त्या गेल्या आणि बिळाभोवती त्यांनी फक्कीनं एक मोठं रिंगण ओढलं.

आता यात त्यांचं काय चुकलं, हे समजायला त्यांचं लहानपण माहीत हवं. मेंढरांच्या वाड्यात रोगराई आली की त्यांच्याकडे कळपाच्या बसण्याच्या जागेभोवती राखेचं रिंगण ओढतात. त्या रिंगणात परका माणूस पाय घालत नाही, आत यायला कुत्रंसुद्धा दबकतं. बाई त्या रिंगणाच्या आत वाढलेल्या. पांढरं रिंगण म्हणजे आतलं सुरक्षित, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. त्याच बाईंनी खात्यात दहा वर्षं हातात फक्की घेऊन चरांच्या रेघा मारल्या होत्या. तरी त्या दिवशी त्यांच्या हातानं जे केलं ते लहानपणीच्या वाड्यातलं होतं.

काम सोमवारी सुरू व्हायचं होतं. शनिवारी सकाळी पिंपळीहून फोन आला की तोडणी चालू असलेल्या उसात बिबट्याची पिल्लं सापडली आहेत. तिथला गार्ड सुट्टीवर. “सर, कुठं हाय तुमी?” मी तोंड धुवत होतो. आम्ही माझ्या जीपमधून गेलो. पिल्लं म्हणून लोक ज्यांच्याभोवती जमले होते ती रानमांजराची निघाली. बाईंनी ती होती तिथंच पाचटाखाली ठेवायला लावली, तोडणीच्या टोळीला तेवढा कोपरा सोडून पुढं तोडायला सांगितलं आणि जमलेल्यांची शिकवणी घ्यायला सुरुवात केली. शेजारच्या वावरात कुणाच्या तरी नव्या घराचा पाया खोदणं चालू होतं. फक्कीच्या पांढऱ्या रेघेवर मशीनचा दात बरोबर बसत होता, माती वर येत होती, रेघ नाहीशी होत होती.

बाई बोलता बोलता थांबल्या. मशीनकडे पाहत राहिल्या. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं त्यांना चक्कर येतेय.

“सर, गाडी काढा.”

“काय झालं?”

“मी रिंगण मारलंय, सर. फक्कीचं.”

मला काही कळलं नव्हतं. मी म्हणालो, काम तर सोमवारी आहे. तोवर त्या माळावरच्या मशीनच्या ऑपरेटरचा नंबर फिरवत होत्या. लागेना. मग त्यांनी वडिलांना फोन लावला. स्पीकरवर मेंढरांचा आवाज आला आणि त्यामागं एक घरघर. “मशीन?” आण्णा म्हणाले. “ते तर सकाळधरनं वाजतंय.”

पिंपळी ते कऱ्हाटी हा रस्ता मी शेकडो वेळा गेलोय, पण त्या दिवशी तो संपेना. एका ठिकाणी पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रेलर, आणि रस्त्यावर बाजू द्यायला जागाच नाही. बाई चालत्या जीपमधून अर्ध्या बाहेर लोंबकळून ट्रॅक्टरवाल्याला हात करत होत्या. “माझी मती कुठं गेली व्हती, सर? माझी मती कुठं गेली?” हे एवढंच वाक्य त्या परत परत म्हणत होत्या. मी हॉर्नवरचा हात काढला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा अर्धं रिंगण शिल्लक होतं. उरलेल्या अर्ध्याच्या जागी मातीचा ढीग. मशीन आमच्याकडे पाठ करून चालू होतं. बाई सरळ त्याच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. ऑपरेटर दचकून खाली उतरला. चाळिशीचा साधा माणूस, गमछ्यानं तोंड पुसत म्हणाला, “मॅडम, दुसरं काम लवकर आटपलं म्हणून आजच आलो. काय झालं?”

“हितं कशाला खांदलं?”

“फक्की हाय म्हणून तर खांदलं! गोल हाय. मला वाटलं हिरीचं हाय.”

खरंच होतं. गोल फक्की दिसली की आपल्याकडे विहीरच खोदतात. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि हातांनी माती उपसायला लागल्या. फावडं लावायची सोय नव्हती, खाली कोण कसं असेल सांगता येत नव्हतं. मी बसलो, माझे गुडघे दुखत होते तरी बसलो. ऑपरेटरला काय झालंय हे कळलं तसा तोही आमच्यात आला, आणि तो रडत होता. थोड्या वेळानं शेजारून आणखी दोन हात माती काढू लागले. मी मान वळवून पाहिलं तर बिराआण्णा. काठी बाजूला टाकून, धोतर वर खोचून, ते ढेकळं उचलून मागं टाकत होते. बाप-लेक एकमेकांकडे न पाहता माती काढत होते.

दोन पिल्लं मेलेली निघाली. तीन जिवंत. त्यातल्या दोघांनी नाकातली माती पुसताच कुईंकुईं सुरू केली, पण तिसरं नुसतं धापा टाकत होतं आणि डोळे उघडत नव्हतं. मी ते उचललं.

“हे मी दवाखान्यात नेतो.”

“जगंल का?” बाईंनी विचारलं.

“इथं ठेवलं तर सांगता येत नाही. नेलं तर बहुतेक जगेल.”

बाईंनी त्या पिल्लाच्या तोंडावरची माती पुसली. मग म्हणाल्या, “नेलं तर जगंल, सर. पिंजऱ्यात जगंल. त्याची आय आली आन् ते न्हाय दिसलं, तर मग त्याचं हितलं सगळं संपलं.”

मला राग आला. मी डॉक्टर, पिल्लू माझ्या हातात मरू घातलेलं, आणि ही बाई मला ते खाली ठेवायला सांगते. मी तसं बोललोही, जरा चढ्या आवाजात. त्यांनी वाद घातला नाही. हात पुढं केला, एवढंच. मी एक इंजेक्शन दिलं आणि ते पिल्लू त्यांच्या ओंजळीत ठेवलं. त्यांनी तिघांना जवळच्या एका खडकाच्या कपारीत, सावलीत एकाला एक चिकटवून ठेवलं.

मग सगळ्यांनी दूर जायचं होतं. ऑपरेटरनं मशीन हलवलं. आण्णांचा कळप जवळच होता, आणि कळपाबरोबर तीन दांडगी कुत्री. ती मोकळी असेपर्यंत मादी फिरकणार नाही, हे बापालाही ठाऊक होतं आणि लेकीलाही. बाईंनी काही मागितलं नाही. आण्णाच काठी उचलत म्हणाले, “कुत्री बांधतो. मेंढरं वड्याच्या पल्याड नेतो.” लांडगा असलेल्या माळावर मेंढपाळ कुत्री बांधतो, म्हणजे त्यानं काय पणाला लावलं हे मला त्या क्षणी समजलं.

आम्ही लांब एका बांधाआड थांबलो. बाईंचा पाय ठरत नव्हता. चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं, दुर्बीण डोळ्याला, दुर्बीण खाली. ऊन कललं तेव्हा मादी आली. खूप वेळ ती उकरलेल्या मातीभोवती फिरत राहिली, नाक लावून हुंगत. मग कपारीकडे गेली, एका पिल्लाला मानेला धरून उचललं आणि टेकाडामागं नाहीशी झाली. बऱ्याच वेळानं परत आली आणि दुसरं नेलं. सूर्य बुडाला. आम्ही तिसऱ्यासाठी थांबलो. दुर्बिणीतून कपारही दिसेनाशी झाली तेव्हा बाई म्हणाल्या, “चला सर. कदाचित आपल्यामुळंच येत नसंल.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या गेल्या. कपार रिकामी होती. जमीन खडकाळ, ठसा उठायला माती नाही. आईनं नेलं, की तरसानं, की भटक्या कुत्र्यानं, काहीच कळायला मार्ग नव्हता.

साहेबांनी त्यांना समजावून सांगितलं की अहवालात बिळाचा उल्लेख नकोच, काम झालं असं लिहा, कुणी विचारणार नाही. वाईट हेतूनं नाही सांगितलं, बाईंची नोकरी वाचावी म्हणूनच सांगितलं. बाईंनी लिहिलं ते मी वाचलंय. ‘फक्कीचे रिंगण मी मारले. ऑपरेटरचा दोष नाही. दोन पिल्ले मेली, ती माझ्या चुकीने.’ आणि खाली, कुणी विचारलेलं नसताना, ‘सदर जमीन पडीक नाही.’ त्या कागदामुळे माळावरचं काम थांबलं. बाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली, आणि मार्चमध्ये बदलीचा हुकूम. इंदापूर तालुका, पळसदेव, उजनी धरणाच्या पाण्याच्या कडेचं बीट, म्हणजे गार्डनं राखायची हद्द.

हुकूम येईपर्यंतच्या दिवसांत त्या माळावर जे हिंडल्या त्याला सुमार नव्हता. लांडगे तिथून दुसरीकडे गेले होते आणि सापडत नव्हते. मला फोन यायचे, पण आता त्यात काम काहीच नसायचं. “सर, त्याला इंजेक्शन किती दिलं व्हतं? त्येवढं पुरंल का?” मी पुरेल म्हणायचो. दोन दिवसांनी परत तेच. शेवटी त्यांनी चार्ज दिला आणि गेल्या. मला खरं सांगायचं तर त्यांच्यावरचा माझा राग अजून पुरता गेला नव्हता. ते पिल्लू मी आणलं असतं तर निदान एक तरी नक्की वाचलं असतं, असं मला वाटत राहिलं.

मे महिन्यात त्यांनी पळसदेवला बोलावलं. मासेमारीच्या जाळ्यात एक मोठा करकोचा अडकला होता आणि पंख मोडल्यासारखा दिसत होता. पाणी बरंच ओसरलं होतं, एरवी धरणात बुडालेल्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं, आणि काठाच्या भेगाळलेल्या गाळात बाई त्याच मोठ्या बुटांनी फेऱ्या मारत होत्या. वाळल्या होत्या. मी पक्ष्याच्या पायातली जाळी कापत होतो, दोन मासेमार त्याला धरून होते, तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. आण्णांचा होता. हात चिखलानं भरलेले, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकून खडकावर ठेवला.

“कालिंदे, तुझी लांडगी आली व्हती. आज सकाळच्या पारी. खालच्या माळाला.”

बाई जागच्या जागी थांबल्या. “कोण कोण?”

“दोन मोठी. आन् मागं पोरं.”

“किती?”

“तीन.”

“नीट बघितलं का, आण्णा?”

“सारा जल्म मेंढरं मोजण्यात गेला माझा, आन् तीन मोजता येईनात व्हय मला?”

“परत सांगा.”

“तीन गं. चांगली उंडारल्यात. कोकरू नेलं एक.”

“कुणाचं?”

आण्णा जरा घुटमळले. “तुझ्या मेंढीचं.” त्यांच्याकडे लेक सासरी गेली तरी तिच्या नावाची एक मेंढी बापाच्या कळपात असते, तिची पिलावळ लेकीची. नेलं होतं ते बाईंच्या मालकीचं कोकरू.

“न्हेऊ द्या,” बाई म्हणाल्या.

मग आण्णा म्हणाले, “काठी हातात व्हती माझ्या. उचलली न्हाय.” आणि फोन बंद झाला.

मी कात्री खाली ठेवली. माझा सगळा राग कुठं गेला मला कळलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “सर, तिसरं जगलं,” एवढंच म्हणाल्या आणि मासेमारांच्या देखत, खाकी शर्टाच्या बाहीत तोंड घालून मोठ्यानं रडल्या.